चंपीच्या गोचिड्या आणि तंबाखूचं पाणी

मंडळी, आज सकाळी आमच्या चंपीच्या कानामागं दोन गोचिड्या सापडल्या. या कुत्रीची प्रतिकारशक्ती आधीच नाजूक, औषधं चालू. तिला काहीही लावायचं तर डॉक्टरांना विचारून, असा दंडक आहे.

मी मात्र बालपणात शिरलो. वडील म्हशींना तंबाखूचं पाणी लावायचे. आप्तवाक्य प्रमाण मानून मीही तंबाखू भिजत घातला. त्या वासासरशी गोठा, म्हशी, बाह्या सरसावलेले वडील, सगळं समोर उभं राहिलं.

तेवढ्यात दूध घालायला आलेले शामराव म्हणाले, "मास्तर, कुत्रं हाय ते, म्हस न्हवं. चाटलं तर जाईल की."

डॉक्टरांना फोन केला. तेही हेच म्हणाले, फक्त शुद्ध भाषेत. चालू औषधांबरोबर चालेल असं काही ते संध्याकाळी तपासून देणार आहेत. तोवर गोचिड्या चिमट्यानं काढायच्या आणि अंग विंचरायचं.

दुपारभर चंपीला विंचरत बसलो, तेव्हा आठवलं. पाणी लावण्याआधी वडील तासभर म्हशीच्या अंगावर बोटं फिरवत एकेक गोचीड काढायचे. मी नेमका तेवढाच भाग विसरलो होतो.

तुमच्या घरचं असं अर्धंच लक्षात राहिलेलं काय आहे?