कीबोर्डशेजारचं कार्ड

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला मी गोंदियातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. एका पतसंस्थेनं खेड्यांतल्या शाखांमध्ये कॉम्प्युटर बसवले आणि कर्मचाऱ्यांना नवं सॉफ्टवेअर शिकवायचं काम आमच्या क्लासला मिळालं. क्लासनं मला पाठवलं. सोबत सॉफ्टवेअर कंपनीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते प्रत्येक शाखेत कपाटावर गेलं आणि तिथंच राहिलं.

नवेगाव बांधच्या शाखेत निवृत्तीला आलेले एक कारकून होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. मी शेजारी बसले की त्यांना सगळं जमायचं, मी एसटीत बसले की ते सगळं विसरायचे. शिकला नाहीत तर घरी बसा, असा दम त्यांना वरून आला होता. एका दुपारी ते मला म्हणाले, "म्याडम, तुम्ही गेल्यावर मी भेऊन भेऊन बटन दाबत राह्यतो. पुस्तक नोको. मले एक कागद द्या."

तो कागद करायला मला पुस्तक शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आधी सगळंच महत्त्वाचं वाटत होतं. मग एकेक वाक्य खोडत गेले. पडद्याची चित्रं झेरॉक्समध्ये काळी यायची, म्हणून चौकटी हातानं काढल्या. कंपनीच्या पुस्तकात चुकलं तर काय करायचं ते शेवटच्या प्रकरणात होतं, मी ते सर्वांत वर घेतलं. माणूस कागद उचलतो तेच मुळी अडल्यावर. पैसे काढण्याची नोंद चुकली तर काय करायचं, हे काकांना एकदा वाचायला दिलं. ते 'रद्द करा'पाशी थांबले आणि म्हणाले, "खातंच रद्द होईन का?" मी तिथं 'फक्त ही नोंद पुसा' असं लिहिलं. शेवटी एका पानाच्या दोन बाजूंत सगळं बसलं. लॅमिनेशन करून ते कीबोर्डशेजारी ठेवलं.

काका शिकले. अर्जुनी मोरगावच्या आणि कोहमाऱ्याच्या शाखांनीही कार्ड मागून घेतलं. मी खूश होते. त्याच आठवड्यात पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी मला बोलावलं. टेबलावर माझंच कार्ड होतं. खाली संस्थेचं नाव छापून आणलं होतं. माझं नव्हतं.

"बहुत बढ़िया बनाया मॅडम," ते म्हणाले. "अब तो ट्रेनिंग की ज़रूरतच नहीं."

उरलेल्या शाखांचं प्रशिक्षण रद्द झालं. क्लासकडे मला द्यायला दुसरं काम नव्हतं. मालकांनी मला दोष दिला नाही, पण एवढं सोपं करून द्यायची काय गरज होती, असं बोलता बोलता म्हणाले. ते वाक्य मला व्यवस्थापकांच्या कौतुकापेक्षा जास्त लागलं, कारण धंद्याच्या हिशेबानं ते खरं होतं. मी घरी शिकवण्या घेऊ लागले.

वर्षभरानं काकांचा फोन आला. सॉफ्टवेअर बदललं होतं, बटनं इकडची तिकडं गेली होती. "कार्डात हाये तो डब्बा इथं दिसूनच नाही राह्यला," ते म्हणाले. मुख्य शाखेत विचारलं तर तिथले म्हणाले, कार्ड पाहा.

मी व्यवस्थापकांना फोन करून नवं कार्ड करून देते म्हटलं. त्यांनी लगेच होकार दिला, करून पाठवून द्या, आम्ही छापून घेऊ म्हणाले. कामाचा, मोबदल्याचा शब्द निघाला नाही. मीही काढला नाही. कार्डही पाठवलं नाही.

काकांना मात्र नाही म्हणता आलं नाही. अडले की ते फोन करायचे आणि पडद्यावर काय दिसतं ते वाचून दाखवायचे. मी सांगायची, ते दाबायचे. त्यांची उरलेली नोकरी तशीच निभली. संस्थेचा समज असा झाला की जुनं कार्ड अजून चालतंय.