कमी दुधाची पारडी

"तिसऱ्या येताला कलंल," असं मावशी म्हणे आणि बोलता बोलता म्हशीची कातडी चिमटीत धरून सोडून देई. म्हैस पहिल्यांदा व्यायली की तिच्या दुधावर भरवसा ठेवायचा नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेताला देईल तेच तिचं खरं दूध, हा मावशीचा कायदा होता. पारडी जन्मल्यापासून तिथवर पोचायला सात-आठ वर्षं जातात. तिला त्याचं काही वाटत नसे.

कल्याणजवळ मोहन्याच्या पुढे नदीकाठी तिचा सहा म्हशींचा गोठा होता. मी कृत्रिम रेतन करणारा. डॉक्टर नव्हे, पण मोटारसायकलच्या मागे नायट्रोजनची टाकी बांधून फिरणाऱ्याला तिकडे सगळे डॉक्टरच म्हणतात आणि मीही कधी कुणाला अडवलं नाही.

मुलाचं लग्न कधी झालं विचारलं, तर ती साल सांगत नसे. "भिंगरीच्या दुसऱ्या येताला," म्हणे. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. भिंगरी कधीची गेली होती, पण तारखा तिच्याच चालत.

हमखास पारडीच होते अशी रेतनाची कांडी मी पहिल्यांदा आणली, तेव्हा तिनं हात पुढे केला.

"दाखव."

"मावशी, बाहेर काढून ठेवली तर मरते."

"येवरीशी हवा लागून मरते, ती काय ठरवनार पारडी का रेडा?"

पण दोन म्हशींना दोन पारड्याच झाल्या. महिनाभर मी गोठ्यात जरा ताठ चालत होतो.

पुढे गोठ्यामागच्या चराईच्या जागेवर इमारत उठली. दोनपैकी एकच पारडी ठेवायची ठरलं. मी म्हटलं, अंदाज कशाला करायचा? दोघींच्या शेपटीचे केस मुळासकट उपटून जनुकीय चाचणीला पाठवले. काही आठवड्यांनी अहवाल मोबाइलवर आला. थोरली भरपूर दुधाची, धाकटी कमी दुधाची.

मुलगा ठाण्याला नोकरीला. रोज धार काढून मग ऑफिसात जाणारा, घाईचा माणूस. "आई, धाकटी काढून टाकू. रिपोर्टच आलाय ना," तो बोलला.

तिनं मला विचारलं, "यात चूक नाय होत?"

"कधीतरी होते. पण बहुतेक खरं निघतं."

तिनं धाकटीची कातडी चिमटीत धरून सोडून दिली. मग म्हणाली, "तं थोरली इका."

मला वाटलं, हिचा गोंधळ झाला. "अहो मावशी, थोरलीच दुधाची आहे."

"मना कललं. थोरलीला कोनपन नेल, तिचा कागद चांगला. हिला कोन नेल? नेल तो कापालाच. आदी कोनाला ठाव नसं, म्हून सगल्यांना तिसऱ्या येतापरत दाना मिलं. तुज्या कागदानं हिचा निकाल आठ महिन्यांत लावला."

मी चिडलो. वैरण, जागा, दूध, सगळं तिला शाळेतल्यासारखं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला चहा दिला. त्या वेळच्या माझ्या आवाजाची आज लाज वाटते.

थोरली विकली गेली. धाकटीला ती स्वतः घासायची, धुवायची. दुसरं कुणी जवळ गेलेलं त्या पारडीला खपत नसे. तीन वर्षांनी मावशी गेली, पारडी गाभण असताना. मला ते फार लागलं.

दोन महिन्यांनी मुलाचा फोन आला. पारडी व्यायली होती, पण पान्हा सोडत नव्हती; कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. आता विकतो म्हणेल, असं धरूनच मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. त्याची ऑफिसची वेळ केव्हाच टळून गेली होती. अहवाल खरा होता. बादली अर्धीही भरली नव्हती. आणि हा बाप्या पँटवरून आईचं लुगडं गुंडाळून, पदर डोक्यावर घेऊन, म्हशीखाली बसला होता.

"डॉक्टर, तिथंच थांबा," वळून न बघता तो हळूच बोलला, "आज कुठं पान्हा आलाय."