चामड्याची हाफ पँट
कपाट आवरताना चामड्याचा उग्र वास आला आणि अमेरिकेत नोव्हाय गावी राहायचो तेव्हाच्या आमच्या शेजारच्या जर्मन आजी आठवल्या. शाळेच्या कार्यक्रमापुरते त्यांनी माझ्या सहा वर्षांच्या लेकाला घरातले दोन जुने कपडे दिले होते: त्यांच्या थोरल्या काकांचा रुंद निळ्या कॉलरचा पांढरा खलाशी सूट आणि वडिलांची चामड्याची हाफ पँट. दोघा भावांत दहा वर्षांचं अंतर. थोरला कडक इस्त्रीत नि लांब मोज्यांत वाढला. दोन महायुद्धांच्या मधल्या त्या वर्षांत मुलांचे कपडे सुटसुटीत होत गेले, म्हणून धाकटा उघड्या गुडघ्यांनी झाडांवर चढला. दुसऱ्याचे कपडे धुतल्याशिवाय अंगाला लावायचे नाहीत, या आईच्या शिकवणीला जागून मी दोन्ही मशीनमध्ये टाकले, वर ड्रायरही लावला. सूट झक्क निघाला. हाफ पँट भाजलेल्या पापडासारखी कडक! रडवेली होऊन मी ती आजींपुढे धरली. त्यांनी ती वाकवून पाहिली, हसल्या आणि म्हणाल्या, "मुलाला घाल आणि घसरगुंडीवर सोड. पुढचं तो बघेल." लेक चालायला लागला तशी ती करकरली. "आई, इट्स टॉकिंग!" तो ओरडला. उन्हाळाभर घसरून त्याने ती लोण्यासारखी मऊ केली, आणि परत द्यायला गेले तेव्हा आजींनी घेतलीच नाही. आज नातवासाठी लेकाकडे प्लेनोला पाठवायला म्हणून ती काढली, सवयीने मशीनपर्यंत गेले, आणि तिथूनच परत फिरून तशीच, न धुता, खोक्यात ठेवली.