अध्यक्ष नको म्हणणारा अध्यक्ष

त्याला सगळे अध्यक्ष म्हणत, कारण आपल्या बाजाराला अध्यक्ष नको असं तोच सारखं सांगत असे. तळघरातल्या त्या बाजारात जिन्याशेजारच्या गाळ्यात तो मोबाइल दुरुस्त करी. खाली रेंज नावालाही नव्हती. म्हणून त्याने एक ॲप शोधून सगळ्यांच्या फोनात घातलं होतं. निरोप एका फोनवरून शेजारच्या फोनवर, तिथून पुढच्यावर, अशा उड्या मारत बाजारभर पोचायचा. मध्ये कंपनी नाही, मालक नाही. कुणाला सुट्टे हवेत, कुणाचं गिऱ्हाईक काय शोधतंय, सगळं घडीभरात कळायचं.

मालक नाही म्हटल्यावर नियम आले, आणि नियम करण्याची त्याला भारी हौस. नवा फोन आत घ्यायचा तर तिघांनी समोरासमोर फोनला फोन टेकवून साक्ष द्यायची. तिघांनी हरकत घेतली की माणूस बाहेर. एवढं पुरलं असतं, पण त्याचा सख्खा थोरला भाऊ, पडदे विकणारा दादा, रोज सकाळी सगळ्यांना फुलाचा फोटो पाठवायचा. फोटो जड, त्यामागे निरोप तुंबायचे. अध्यक्षाने स्वतः हरकत घेतली, आणखी दोघांना घ्यायला लावली. वर असली माणसं पुन्हा शिरू नयेत म्हणून तिसरा नियम केला: ज्याला बाहेर काढाल, त्याचे साक्षीदारही त्याच्याबरोबर बाहेर. भाऊ असला म्हणून काय झालं, नियम म्हणजे नियम, असं घरी सांगताना त्याची छाती फुगली होती. बायको म्हणाली, जेवा आता.

 दादा आता रोज सकाळी प्रत्येक गाळ्यापाशी थांबून लोकांची विचारपूस करत फिरू लागला.

मग एक दिवस अध्यक्ष स्वतःचा फोन उघडून बसला असताना एक गिऱ्हाईक आलं. फोन कसा जपावा यावर त्याने त्याला यथासांग व्याख्यान दिलं. तेवढ्यात हातातल्या, गरम हवा फेकणाऱ्या हीट गनने त्याच्याच फोनचा बोर्ड करपवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नवा फोन घेतला, पण त्या फोनला बाजारात कुणी ओळखेना.

तीन साक्षी काय, चहा निवायच्या आत मिळतील, असं त्याला वाटलं. किल्लीवाला म्हणाला, उद्या बघू. चष्मेवाल्याचा फोन नेमका चार्जिंगला लावलेला. शेवटी पिशव्या विकणाऱ्या मावशींनी तोंडावर सांगितलं.

"राग मानू नका, पण तुम्ही सगळ्यांशी भांडता. उद्या तिघांनी तुम्हाला काढलं तर आम्हीही जाऊ. नियम तुमचाच आहे."

 नियम खरंच पक्का झाला होता. क्षणभर त्याला त्याचा अभिमानसुद्धा वाटला, इतका तो शहाणा. पण मोबाइल दुरुस्ती कुठे, असा निरोप आता त्याच्या डोक्यावरून जाई आणि गिऱ्हाईक वरच्या रस्त्यावरच्या दुकानात. असंच चाललं असतं तर गाळा सोडावा लागला असता.

दादा नेहमीसारखा आला. "माझी साक्ष चालते का रे?"

"तू बाहेर आहेस. नाही चालत."

"मग चल माझ्याबरोबर फिरायला."

दोघे निघाले. दादा कुणाच्या सुनेची चौकशी करी, कुणाच्या गुडघ्याची, आणि जाता जाता म्हणे, याचं तेवढं बघा. किल्लीवाल्याने, घड्याळवाल्याने आणि मावशींनी फोन पुढे केले. मावशी म्हणाल्या, "ही साक्ष दादांच्या शब्दावर. तुमच्या नाही."

त्याला फार लाज वाटली. आत आल्या आल्या त्याने दादासाठी साक्ष दिली, किल्लीवाल्याला आणि मावशींना गळ घातली. दादा नको नको म्हणत होता, पण ऐकतो कोण.

दुसऱ्या दिवशी सकाळी फूल आलं. भलंमोठं, गुलाबी, निरोप तुंबवणारं. पाठोपाठ चष्मेवाल्याची हरकत आली. मग शेजारच्या गाळेवाल्याची. आणखी एक आली की दादा बाहेर, आणि साक्षीदार म्हणून त्याच्या मागोमाग अध्यक्ष. तिसरी कुणाची येईल, सांगता येत नव्हतं.

त्याने हातातलं काम खाली ठेवलं, शटर अर्धं ओढलं आणि पहिल्या गाळ्यापाशी जाऊन उभा राहिला. "काय काका," तो म्हणाला, "गुडघा कसा आहे?" आणि काकांचं सगळं सांगून होईपर्यंत तिथेच थांबला.