मुठीचा झटका

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी बेळगावकडचा, नुकताच इंजिनिअर झालेला, बंगळूरला मल्लेश्वरममध्ये खोली घेऊन राहत होतो आणि हेब्बाळच्या अलीकडे एका प्रयोगशाळेत यांत्रिक हातावर काम करत होतो. घातक रसायनांच्या बाटल्या माणसाने न शिवता उचलता याव्यात म्हणून तो हात एका बंद दालनात बसवला होता. आम्ही बाहेर बसायचो. समोर टीव्ही, टेबलावर हातात धरायची एक मूठ. मूठ हलवाल तसा आतला हात हलायचा.

अडचण अशी की टीव्हीवर अंतराचा अंदाज येत नसे. बाटली पकडली असं वाटेपर्यंत ती फुटलेली असायची. त्यावर उपाय काढला माझ्या वरिष्ठ बाईंनी. त्या जयनगरच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरातल्या. पहिल्याच दिवशी मी मॅडम म्हणालो, तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, "घरात मराठी बोलणारा तू, आणि मॅडम काय म्हणतोस? अक्का म्हण."

अक्कांनी मुठीला मोटर जोडली. आतल्या बोटांवर जेवढा दाब येईल, तेवढी मूठ आपल्या तळव्याला उलट ढकलायची. मी पहिल्यांदा रबरी चेंडू दाबून पाहिला. चेंडू भिंतीपलीकडे, आणि त्याचा लुसलुशीतपणा माझ्या हातात. मी मोठ्यानं हसलो.

"लागला ना हाताला?" अक्कांनी विचारलं. त्यांचा चेहरा फुलला होता.

पुढे चित्र स्वच्छ दिसावं म्हणून मध्ये एक नवा कॉम्प्युटर बसवला. दाबाची खबरही त्यातूनच जायची, म्हणून ती हाताशी उशिरा पोचू लागली. तेवढ्यात आमचं काम बघायला पाहुणे यायचे होते. अक्का आमच्या प्रमुखांना म्हणाल्या, "डोळ्याला आधी दिसतंय, हाताला मागनं कळतंय. स्वल्प थांबू या."

"पाहुण्यांसमोर एकदाच करायचंय," प्रमुख म्हणाले.

पाहुण्यांसमोर अक्कांनी आतल्या पोलादी ठोकळ्याला हात लावला. टेकल्याचं हाताला कळलं नाही, म्हणून त्यांनी आणखी दाबलं. मग मूठ मागे ढकलू लागली, त्यांनी ती सावरली, ती दुप्पट जोरानं उलटली. क्षणात मूठ पिसाळल्यासारखी मागेपुढे आपटू लागली. मी सगळं बंद करायचं लाल बटण दाबलं तोवर अक्कांचं मनगट मोडलं होतं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. बटणानं थांबलेला आतला हात टीव्हीवर मात्र शांत उभा दिसत होता.

प्लास्टर निघाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. दारात स्कूटर धूळ खात उभी होती. त्याच स्कूटरवरून त्या रोज इतक्या लांब यायच्या.

"हाड जुळलंय रे," त्या म्हणाल्या. "पण हँडल थरथरलं की वाटतं, आता हे मला मारणार. काल कुकरचं झाकणसुद्धा ह्यांना काढायला सांगितलं." यजमान शेजारीच बसले होते.

अक्का कामावर परतल्या तेव्हा आम्ही मोटर काढून टाकली होती. तिच्या जागी मी पडद्यावर एक पट्टी आणली. दाब कमी असला की हिरवी, वाढला की लाल. बाटल्या फुटेनात. पण अक्का त्या पट्टीकडे इतक्या टक लावून बघायच्या की दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी यायचं, आणि बाटली कलंडतेय हेच दिसायचं नाही. आतलं पाणी सांडायचं. नशीब, सरावाला आम्ही पाणीच भरत होतो.

"चालतंय की," प्रमुख म्हणाले. "आता कुणाला लागत तर नाही ना?"

एका सकाळी अक्का येऊन म्हणाल्या, "मोटर लाव. अगदी थोडा जोर ठेव."

मी तोवर दाबाची तार कॉम्प्युटरला वळसा घालून थेट मुठीपर्यंत आणली होती. उशीर उरला नव्हता. आधी माझ्याच हातावर पुन्हापुन्हा तपासलं, मग त्यांना बसवलं. बाटलीला स्पर्श झाला, मूठ हलकेच ढकलली गेली, आणि अक्कांनी चटका बसावा तसा हात काढला.

"तू वरून धर," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मुठीचा दाब फुलासारखा हलका होता. त्यांचा हात मात्र थरथरत होता, आणि ती थरथर तारेतून आत जाऊन टीव्हीवरच्या बाटलीत दिसत होती. बाटलीतलं पाणी हिंदकळत होतं. अक्का ते बघत राहिल्या.

"सरी, कळलं," त्या हळूच म्हणाल्या. "बंद कर."

मी बंद केलं.

त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याचं काम मागून घेतलं. दोन कॅमेरे लावून अंतर कळेल असं चित्र त्यांनीच बसवलं, आणि ते उत्तम होतं. मूठही पुढे नीट चालू लागली. ती नव्या लोकांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. स्पर्श पहिल्यांदा हातात आला की प्रत्येक जण मोठ्यानं हसायचा. तो हसला की पलीकडच्या टेबलावरच्या अक्का उठून बाहेर जायच्या. परत यायच्या त्या आम्ही मूठ बंद करून सगळं आवरल्यावरच.