छत्तीसमधलं एक घर

चिकपेटेच्या बाजारात हातगाडीवर साड्या विकत विकत मी दुकान उभं केलं. ते पुढे एकुलत्या एका मुलीनं चालवावं, एवढीच माझी इच्छा. पण नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, पीयूसी म्हणजे बारावी संपताच, तिनं संख्याशास्त्र शिकायला पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म परस्पर मागवला. मला विचारलंसुद्धा नाही. ते मला अजून बोचतं. सही मात्र माझी हवी होती. मी फॉर्म भिरकावला आणि चार दिवस अबोला धरला.

रविवारी दुपारी ती सापशिडीतला फासा घेऊन समोर बसली.

"अण्णा, गिऱ्हाइकाशी करता तसा माझ्याशी सौदा करा."

"सहा पडले तर पुणं. नाहीतर दुकान."

"स्वल्प सवलत द्या की!"

गिऱ्हाईक अडून बसलं की मी सूट देतो किंवा ब्लाउजपीस. दोन्ही कधीच नाही. म्हटलं, "पडलेल्या दानात एक मिळव, नाहीतर दान पुन्हा टाक. काय ते एकच, आणि आधीच ठरव."

"एक मिळवते. म्हणजे पाचही चालतील."

"वेडे, दोनदा टाकायला मिळतंय ते सोडतेस? धंदा बुडवशील माझा."

तिनं साडीच्या वेष्टणाच्या कागदावर छत्तीस घरं आखली. "पहिल्या दानात सहा, ही सहा घरं. दुसऱ्यात सहा, ही सहा. कोपऱ्यातलं घर दोन्हीकडे येतं, ते एकदाच मोजायचं. झाली अकरा. एक मिळवला तर पाचाची सहा आणि सहाची सहा, बारा."

"आणि मी चार किंवा जास्त मागितले असते तर?"

"मग पुन्हा टाकलं असतं. सत्तावीस घरं, नुसती चोवीस कशाला घेऊ?"

छत्तीसमधल्या एका घरासाठी इतकं चिवट झुंजणारं गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं.

तिनं दान टाकलं. तीन.

ती ओठ घट्ट मिटून फासा डबीत ठेवू लागली.

"पुन्हा टाक!" मी ओरडलो.

"सौद्यात नव्हतं, अण्णा."

"सौदा माझा आहे. सहा पडेपर्यंत टाक."

"मग कधीतरी पडणारच. टाकायचं कशाला?"

"तेच सांगतोय. फॉर्म आण."

सही करता करता मी रागावलोच, "आधी विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?"

डोळे पुसत ती म्हणाली, "शंभर टक्के."