एकावन्न आणि बावन्न

बारा आकड्यांत माणूस अख्खा मावतो आणि तिथे खोट्याला जागा नसते. आखातातल्या आमच्या इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख प्रत्येक नव्या माणसाला हे उभं राहून सांगत. सांगत ते सिव्हिल आयडीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी ओळखपत्राच्या, नंबराबद्दल. पहिला आकडा शतकाचा, मग जन्माचं वर्ष, महिना, दिवस, मग सरकारने दिलेले चार आणि शेवटचा पहारेकरी. आधीच्या अकरा आकड्यांना ठरलेल्या संख्यांनी गुणायचं, बेरजेला अकराने भागायचं. बाकीवरून शेवटचा आकडा ठरतो. मधला एखादा चुकला, की हिशेब जुळत नाही आणि कॉम्प्युटर नंबर परत करतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. महबूला या उपनगरात आमच्या वरच्या मजल्यावर नाशिकचं जोडपं राहायचं. ते रिफायनरीत इंजिनियर. वहिनींच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिलेला होता आणि त्या दिवशी दोघं आमच्या इस्पितळात रिपोर्ट न्यायला आले. कार्ड घरी, दुसऱ्या पर्समध्ये. काउंटर बंद व्हायला आलेलं, पुढे दोन दिवस सुटी.

इंजिनियरसाहेबांनी नंबर पाठ असल्याचं सांगून चिठ्ठीवर लिहून दिला. कारकुनाने तो दोनदा टाकला आणि ‘गलत’ म्हणाला. हा शब्द अरबीतही तोच असल्याने समजायला काही राहिलं नाही. नावावरून शोधावं, तर अरबी लिपीत आमची नावं प्रत्येक कारकुनागणिक वेगळी. इंजिनियरसाहेबांनी मला कॉम्प्युटर विभागातून बोलावून घेतलं. रिफायनरीत व्हॉल्व्हचे नंबर न बघता सांगणारा हा माणूस रुमालाने चिठ्ठीच पुसत होता. वहिनी बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आता दोन दिवस हे असंच बसून राहायचं, एवढंच त्या म्हणाल्या.

मी चिठ्ठी पाहिली. महिना दहा, दिवस तेवीस.

“वहिनी, शाळेच्या दाखल्यावर तारीख कुठली?”

“एक जून. गुरुजींनी घातलेली. पासपोर्टवरही तीच.”

नवऱ्याने घाबरून बायकोचा खरा वाढदिवस लिहिला होता. कागदावर मांडून बघितलं: खऱ्या तारखेच्या गुणाकारांची बेरीज एकावन्न येत होती, गुरुजींच्या तारखेची बावन्न. पहारेकऱ्याने तेवढ्या एकाच्या फरकाला अडवलं होतं.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. “इतक्या वर्षांत एकदाही आठवला नाही तुम्हाला. आज बरा आठवला.”

“अगं, पाठ होता,” ते म्हणाले, “वेळेवर येत नव्हता इतकंच.”

कारकुनाने एक जून टाकून नंबर पुन्हा भरला. कॉम्प्युटरने मुकाट्याने घेतला. रिपोर्ट छापून आला तेव्हा साहेबांना तो वाचवेना, म्हणून मी वाचला. गाठ साधी होती. वहिनींनी पर्स उघडली आणि बंद केली. मग रडल्या, आणि नवरा त्यांना तोच शाई लागलेला रुमाल देत राहिला.

प्रमुखांना मी हा प्रसंग सांगितला. नंबर खोटं स्वीकारत नाही हे पुन्हा सिद्ध झालं, असं ते म्हणाले आणि पुढे नव्या लोकांना उदाहरण म्हणून सांगू लागले.

आमच्या विभागात मराठी आम्ही तिघे होतो. तिघांचेही नंबर बिनचूक होते. तिघांचाही जन्म एक जूनचा.